चप चप चप

रात्री दीड-दोनला चप चप चप असा आवाज यायचा. आधी वाटायचं कुठला तरी नळ गळतोय. मग एकदा उठून बघितलं तर आमचा कुत्रा ढब्बू पलंगाखाली बसून पंजा चाटतोय, आणि एकदा कळल्यावर तो आवाज काही केल्या कानातून जाईना. मी अंधारातच "ढब्ब्या, बास!" म्हणून ओरडायचे, तो दोन मिनिटं थांबायचा, मोठा उसासा टाकायचा आणि परत चालू. असे आठ महिने काढले. आठ महिने मी हे "सवय आहे त्याची" म्हणून सोडून दिलं, काही माणसं नखं खातात तसा आमचा हा पंजे खातो असं घरी येणाऱ्या माणसांना हसत हसत सांगायचे पण. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ढब्बू अर्धा लॅब्रेडॉर आहे आणि उरलेला अर्धा काय आहे ते त्यालाच माहीत. रंग पांढरट. त्याच्या पुढच्या दोन्ही पंजांवर बोटांच्या मध्ये गंजासारखा तांबूस रंग चढलेला, मी तो चिखल समजून ओल्या फडक्याने घासत बसायचे आणि तो काही जायचा नाही. शेवटी ज्या डॉक्टर मॅडमकडे गेलो त्यांनी पंजा हातात घेतला, दोन बोटं अलगद फाकवली, आत बघितलं आणि म्हणाल्या, "हा मातीचा रंग नाहीये, थुंकीचा आहे." कुत्र्याच्या लाळेत पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात, सतत चाटत राहिलं की ती केसांवर साठत जातात आणि फिकट कुत्र्यांमध्ये तो डाग उठून दिसतो. काळ्या कुत्र्यात रंग दिसणारच नाही, तिथे केसांचा ओलसरपणा आणि वास यावरून ओळखायचं. ढब्बूच्या बोटांच्या बेचक्यात कातडी लालभडक आणि सुजलेली होती. मी ती बेचकी कधी फाकवून बघितलीच नव्हती. पंजा तर हजार वेळा हातात घेतला होता, शेकहँड करायला.

मॅडमचा संशय ॲलर्जीवर. माझ्या डोक्यात ॲलर्जी म्हणजे शिंका, नाक गळणं, डोळे चोळणं. कुत्र्यांना शिंका येतच नाहीत असं नाही पण बहुतेक वेळा त्यांची ॲलर्जी कातडीवर उतरते, म्हणजे खाज. आणि खाज म्हटलं की आपण मागच्या पायाने खराखरा खाजवणाऱ्या कुत्र्याची वाट बघत बसतो, आणि तिथेच फसतो, कारण चाटणं ही खाजच, दातांनी कुरतडणं ही खाजच, सोफ्याच्या कडेला तोंड घासत जाणं, गालिच्यावर पाठ घासून लोळणं (मी याचे व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवलेत!), बूड जमिनीला टेकवून घसरत जाणं, सारखं डोकं झटकणं, हे सगळं खाजच असू शकतं. बूड घासण्याला गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरणं हेही कारण असतं, पण ॲलर्जीच्या कुत्र्यात तेही वारंवार होतं असं मॅडम म्हणाल्या. जागा पण ठरलेल्या आहेत बऱ्यापैकी: पंजे, काखा, पोट, जांघा, कान, तोंडाभोवती, शेपटीखाली. केस विरळ तिथे खाज जास्त, साधारण असं म्हणा.

कानाचं तर वेगळंच. त्याआधीच्या वर्षात ढब्बूचा कान तीनदा बिघडला होता, दर वेळी जवळच्या एका दवाखान्यात नेलं, दर वेळी ड्रॉप्स मिळाले, दर वेळी दहा दिवसांत कान बरा आणि दीड-दोन महिन्यांनी परत तोच आंबूस वास आणि तीच तपकिरी घाण. तिथे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही की हा पंजे पण चाटतो, मला काय माहीत की पंजाचा कानाशी संबंध आहे. नवीन मॅडमनी "कान तीनदा?" एवढंच विचारलं आणि फाईलवर गोल केला. ॲलर्जीमुळे कानाच्या आतली कातडी सुजते, ओलसर होते, मग तिथे मॅलासेझिया नावाची यीस्ट (एक प्रकारची बुरशीच) आणि बॅक्टेरिया माजतात. तुम्ही ड्रॉप्सने यीस्ट मारता, सूज मागे तशीच राहते, यीस्ट परत येते. कुत्रा एक आणि तक्रारी चार, आणि मी चारही वेगवेगळ्या समजून चालले होते.

मग मॅडमनी विचारलं, खाज दहापैकी किती? म्हणजे ० म्हणजे खाजच नाही आणि १० म्हणजे खाणं-झोपणं सोडून सतत तेच. मी म्हटलं चार. बाबा शेजारी बसले होते, ते म्हणाले, "आठ. तू ऑफिसला जातेस, मी दिवसभर ऐकतो." दोघांमध्ये तिथेच जुंपली. मॅडमना मजा वाटली असावी, त्या म्हणाल्या सहा लिहिते, पण आजपासून रोज एकानेच नंबर द्यायचा आणि तो बाबांनी द्यायचा. ठणठणीत कुत्र्याचा नंबर साधारण दोनच्या खाली असतो. तेव्हापासून आमच्या फ्रिजवर एक वही लटकतेय, तारीख, नंबर, काय खाल्लं, कुठे गेला, आंघोळ कधी. त्या वहीनेच पुढे मला उघडं पाडलं, ते सांगतेच.

आता गंमत अशी की ॲलर्जी आहे असं सांगणारी एक सरळ टेस्ट नाही. मला वाटलेलं रक्त काढतील, रिपोर्टमध्ये येईल याला अमुक चालत नाही, संपलं. तसं नसतं. आधी बाकीची कारणं एकेक करून बाहेर काढायची आणि शेवटी जे उरेल ते ॲलर्जी. आणि बाकीत पहिला नंबर पिसवांचा.

मी जरा दुखावल्यासारखीच झाले, आमच्याकडे पिसवा? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात." त्यांनी बारीक दातांचा कंगवा कंबरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत फिरवला आणि जे काळे कण निघाले ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकले. माती असेल तर माती राहते. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती लालसर तपकिरी रंग पसरतो, कारण ते पचलेलं रक्त असतं. आमचे कण मातीच निघाले पण ही युक्ती घरी पण करता येते, करून बघा. खरी गोष्ट अशी आहे की ज्या कुत्र्याला पिसूच्या लाळेची ॲलर्जी आहे त्याच्या अंगावर पिसू सापडेलच असं नाही, एक-दोन चावे पुरतात आणि खाजवता चाटताना तो पिसू गिळून पण टाकतो. अशा कुत्र्याची खाज सहसा मागच्या बाजूला असते, कंबर, शेपटीचं मूळ, मांड्यांची मागची बाजू. ढब्बूची पुढे होती म्हणून पिसवांवर संशय कमी, तरीही महिन्याची गोळी चालू केलीच, कारण ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला पिसवा म्हणजे आगीत तेल. आणि घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकदम औषध द्यावं लागतं, एकाला देऊन उपयोग नाही, आणि तेही वर्षभर, कारण दिसतात त्या पिसवा अगदी थोड्या, बाकी सगळा कारभार अंडी, अळ्या आणि कोष या रूपात गादीत आणि गालिच्यात चालू असतो आणि कोषात त्या कित्येक महिने दबा धरून राहू शकतात. (घरात मांजर असेल तर कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. आणि तुमच्या कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर पिसवांची कुठलीही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगा.)

नंतर खरूज. मॅडमनी ढब्बूच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली आणि मागच्या पायाकडे बघत राहिल्या. खरूज असली तर बऱ्याच कुत्र्यांचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागतो. ढब्बूचा पाय हलला नाही, त्याने उलट डोळे मिटून मान अजून पुढे केली, फुकटचा मसाज. मग ब्लेडने कातडी थोडी खरवडून आणि पंजाच्या बेचक्यात चिकटपट्टी लावून काढून त्यांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि मलाही बघायला लावलं. निळ्या-जांभळ्या रंगात शेंगदाण्याच्या टरफलासारखे, मध्ये कंबर असलेले ठिपकेच ठिपके. ती यीस्ट. म्हणजे वास तिचा, अर्धीअधिक खाज तिची, आणि ती वाढली कशामुळे हा प्रश्न वेगळा.

इथपर्यंत आलो तेव्हा दोन संशयित उरले, खाणं आणि हवा. हवा म्हणजे परागकण, धूळ, बुरशी आणि सगळ्यात मोठी म्हणजे धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), याला अटोपिक डर्माटायटिस म्हणतात, ही बहुतेक वेळा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते आणि लॅब्रेडॉर, गोल्डन, फ्रेंच बुलडॉग, वेस्टी, जर्मन शेफर्ड, बॉक्सर अशा जातींत जास्त दिसते. खाण्याची ॲलर्जी कुठल्याही वयात येऊ शकते, आणि जे वर्षानुवर्षं आनंदाने खाल्लं त्याचीच येते. मी म्हणत होते "पण हा लहानपणापासून हेच खातोय", तर तो बचाव अजिबात चालत नाही. बाहेरून बघून दोन्ही सारख्याच दिसतात, पंजे कान पंजे कान. खाण्याच्या ॲलर्जीत कधीकधी पोटाचं लक्षण जोडीला असतं, शी मऊ होते, दिवसात चार-पाच वेळा होते, गॅस होतो. पण नसूही शकतं.

मग पथ्य. इंग्रजीत काय भारदस्त नाव असेल ते असो, आमच्या घरी त्याला पथ्यच म्हणतात. आठ आठवडे कुत्र्याला असं काहीतरी खायला द्यायचं ज्यातलं प्रोटीन त्याने आयुष्यात खाल्लेलं नाही, किंवा मग हायड्रोलाइज्ड खाणं, म्हणजे ज्यातल्या प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्यांना ओळखतच नाही. दुसरं काहीही नाही. काहीही म्हणजे काहीही. आठच आठवडे का, तर ज्यांना खाण्याचीच ॲलर्जी आहे अशा कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त कुत्री पाचव्या आठवड्यापर्यंत सुधारतात आणि ९० टक्क्यांहून जास्त आठव्यापर्यंत. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडणारे खूप असतात. मी पण सोडणार होते.

लगेच कोणीतरी म्हणेल एवढं कशाला, धान्य बंद कर, ग्रेन-फ्री आण. मी आणलं होतं आधी, स्वतःच्या अकलेने, आणि त्याच्या पिशवीवर मागे बारीक अक्षरात चिकन लिहिलेलं होतं. २०१६ मध्ये २९७ ॲलर्जिक कुत्र्यांची आकडेवारी एकत्र करून प्रसिद्ध झाली होती, त्यात बीफ ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के. म्हणजे गहू आहे यादीत, पण मांस आणि दूध त्याच्या पुढे आहेत. वर २०१८ पासून अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) ग्रेन-फ्री खाणं आणि हृदयाचा स्नायू ताणून पातळ होण्याचा एक आजार यांचा संबंध तपासायला घेतला, तो पुरता सिद्ध झालेला नाही पण मी उगाच कशाला त्या वाटेला जाऊ.

आणि ते केस आणि थुंकी पाठवून ॲलर्जी सांगणारे किट! मी जवळजवळ मागवलंच होतं. मॅडमनी सांगितलं की २०१९ मध्ये काहींनी मुद्दाम कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर खेळण्यातल्या प्राण्याचे नकली केस आणि थुंकीच्या जागी साधं सलाईन पाठवून बघितलं, आणि त्या खेळण्याला पण ॲलर्ज्या निघाल्या. यावर बाबा इतके हसले की वेटिंगमधली माणसं आत डोकावली. खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ताची टेस्ट पण भरवशाची नाही. पथ्य करायचं, हाच एक मार्ग.

तर पथ्य सुरू. पहिले दोन आठवडे ढब्बूने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच गुन्हेगार. फ्रिजवर कागद: "ढब्बूला कोणीही काहीही देऊ नये. आई हे तुझ्यासाठी. बाबा हे तुमच्यासाठी." तिसऱ्या आठवड्यात नंबर सहावरून पाचवर आला, चौथ्यात चारवर, मी हवेत. पाचव्या आठवड्यात एका सकाळी कान परत लाल. नंबर सहा. दुसऱ्या दिवशी पण सहा.

मी सरळ बाबांवर गेले. कारण इतिहास तसा आहे, बाबांच्या शर्टाच्या खिशात बिस्किटाचा चुरा नसला तर तो दिवस बाबांचा नाही. "बाबा, खरं सांगा, दिलं ना बिस्किट?" बाबा म्हणाले, "अगं शप्पथ नाही दिलं." मी विश्वास ठेवला नाही. दोन दिवस घरात धुसफूस. आई मध्ये पडेना, तिचा चेहरा मात्र असा की तिला काहीतरी माहितीये. तिसऱ्या दिवशी बाबांनी ती वही आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. माझंच अक्षर. "पिसवांची गोळी दिली. चीजमध्ये गुंडाळून, पटकन खाल्ली!" उद्गारचिन्हासकट.

दूध. यादीत दुसऱ्या नंबरावर असलेलं दूध मी स्वतःच्या हाताने दिलं होतं आणि वर वहीत नोंद करून स्वतःलाच शाबासकी दिली होती. बाबा काही बोलले नाहीत, वही परत फ्रिजवर लटकवली आणि चहा टाकायला गेले. त्यापेक्षा दोन शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

मॅडमना फोन केला, त्यांनी अजून एक प्रश्न विचारला जो माझ्या डोक्यातच आला नव्हता: गोळी चघळायची आहे का? होती. चघळायच्या गोळ्यांना मांसाचा स्वाद लावलेला असतो आणि तो कधीकधी खऱ्या मांसाचा असतो. टूथपेस्टला चव असते, व्हिटॅमिनच्या गोळ्यांना असते, चघळायला दिलेलं कातड्याचं हाड तर प्रोटीनच. आता चीज की गोळीचा स्वाद हे कोण सांगणार, पण दोन्ही गेले, पिसवांसाठी पाठीवर टाकायचं औषध आलं, आणि आठ आठवड्यांचं मीटर परत शून्यावर. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी मुलाच्या खुर्चीखालचं मैदान आधी बंद करा, एवढंच सांगते.

दुसऱ्या वेळेस आठ आठवडे पूर्ण झाले आणि नंबर तीनवर येऊन थांबला. बरं वाटलंय म्हणून इथे थांबायचं नसतं, उलट आता मुद्दाम जुनं खाणं परत द्यायचं, कारण सुधारणा खाण्यानेच झाली की योगायोगाने ऋतू बदलला म्हणून, हे त्याशिवाय कळत नाही. ॲलर्जी असेल तर बहुतेक कुत्री दोन आठवड्यांच्या आत परत खाजवायला लागतात. आम्ही एका वेळी एक पदार्थ घेतला. अंडं, दोन आठवडे, काही नाही. चिकन, तिसऱ्या दिवशी रात्री दीड वाजता चप चप चप. मी अंधारात पडल्या पडल्या ऐकत होते आणि पहिल्यांदाच त्या आवाजाचा राग न येता बरं वाटलं, सापडला चोर! (दुधाची परीक्षा मी अजून घेतलेली नाही. हिंमत नाही.)

पण तीन म्हणजे शून्य नव्हे. चिकन गेलं तरी उरलेली खाज होतीच, म्हणजे ढब्बूला दोन्ही आहेत, खाण्याची पण आणि हवेची पण. असं होतं म्हणे बऱ्याच कुत्र्यांत. खाजेचं एक भांडं असतं समजा, त्यात थोडं चिकन, थोडी धूळ, थोडी यीस्ट, एखादी पिसू असं पडत राहतं आणि काठाच्या वर गेलं की कुत्रा चाटायला लागतो. आपण सगळंच रिकामं करू शकत नाही, पण काठाखाली ठेवू शकतो. मॅडमनी हे समजावल्यावर माझं "बरा कधी होणार" हे विचारणं बंद झालं. हवेची ॲलर्जी बरी होत नाही, सांभाळावी लागते, जन्मभर.

औषधांबद्दल थोडक्यात सांगते कारण ते डॉक्टरचंच काम आहे. पहिल्या दवाखान्यात ढब्बूला एकदा स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं होतं आणि दहा दिवस जादू झाली होती, मग जादू संपली. स्टेरॉइड वाईट असतं असं अजिबात नाही, भडकलेली खाज ते झटकन विझवतं, पण महिनोन्महिने घेतलं तर भूक तहान शू सगळं वाढतं, कातडी पातळ होते, इन्फेक्शन्स वाढतात, आणि बरेच दिवस चालू असलेलं एकदम बंद करता येत नाही, हळूहळू उतरवावं लागतं. आता ऑक्लासिटिनिबची गोळी आहे, ती काही तासांत काम सुरू करते पण एक वर्षाच्या आतल्या पिल्लांना देत नाहीत. लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन आहे, ते आयएल-३१ नावाचा खाजेचा निरोप मेंदूपर्यंत पोचवणारा जो रेणू असतो त्यालाच पकडतं आणि साधारण चार ते आठ आठवडे टिकतं, ढब्बूला याचाच गुण आला. सायक्लोस्पोरिनला गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. माणसांची ॲलर्जीची गोळी बहुतेक कुत्र्यांना फारसा उपयोग करत नाही. आणि विचारल्याशिवाय तर देऊच नका, सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन मिसळलेलं असतं ते कुत्र्याला विषारी आहे, सिरपमध्ये झायलिटॉल असू शकतं ते पण विषारी. रक्ताची किंवा कातडीत टोचून करायची टेस्ट असते ती याच टप्प्यावर, आणि ती ॲलर्जी आहे की नाही हे ठरवायला नसते, लस बनवायला असते. त्या लशीने शरीराला हळूहळू सवय लावतात, गुण यायला वर्षभर लागू शकतं, आणि सगळ्यांना येत नाही. आम्ही अजून तिथे पोचलो नाही.

माझ्या हातातलं काम म्हणजे आंघोळ. क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनॅझोलचा शाम्पू, आठवड्यातून एकदा, आणि यातलं मुख्य काय तर फेस लावून दहा मिनिटं थांबायचं. दहा मिनिटं! ओल्या, फेसाळ, तीस किलोच्या, जगावर रुसलेल्या कुत्र्याला बाथरूममध्ये धरून दहा मिनिटं उभं राहून बघा. पहिल्या वेळी मला वाटलं झाली असतील, घड्याळ बघितलं तर अडीच मिनिटं. शाम्पू बाटलीवर लिहिलंय तसा वापरला नाही तर औषध कातडीवर बसायच्या आतच वाहून जातं, आणि मग आपण म्हणतो शाम्पूचा काही उपयोग नाही. आता माझी पद्धत ठरलीये: आधी पंजे, काखा आणि पोट, म्हणजे जिथे यीस्ट जास्त तिथे फेस सगळ्यात जास्त वेळ राहतो, पाठ सगळ्यात शेवटी. मी खाली स्टुलावर बसते, त्याची मान माझ्या मांडीवर, आणि बोटांच्या बेचक्यांत एकेक करून बोट फिरवत राहते. चौथ्या-पाचव्या मिनिटाला तो झटापट सोडतो आणि सगळा भार माझ्यावर टाकतो. पाणी कोमट, गरम नाही, गरम पाण्याने खाज वाढते. नंतर बेचक्या पूर्ण कोरड्या करायच्या, ओल राहिली की यीस्टची परत चंगळ. माणसांचा शाम्पू नको, कुत्र्याच्या कातडीचा पीएच वेगळा असतो.

बाकी सवयी अशा की फिरून आला की पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करायचे, त्याचं अंथरूण दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवायचं कारण थंड पाण्यात माइट्स नुसते पोहून निघतात, आणि कोरडं खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ चालू आहे, त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात, कितपत उपयोग होतो सांगता येत नाही पण अंगावरचे केस चमकतात हे खरं.

एक गोष्ट मात्र या सगळ्या रेंगाळणाऱ्या प्रकरणापेक्षा वेगळी आहे आणि ती माहीत हवीच. मधमाशी चावली, नवीन औषध दिलं, लस दिली आणि थोड्याच वेळात तोंड सुजलं किंवा अंगावर पित्त उठल्यासारख्या गांध्या आल्या, तर वाट बघत बसू नका, डॉक्टरला फोन करा. आणि अचानक उलट्या, जुलाब, हिरड्या पांढऱ्या पडणं, पाय लटपटून खाली बसणं असं काही झालं तर फोन गाडीतून करा. कुत्र्यांत ही तीव्र रिॲक्शन बऱ्याचदा पोटातून सुरू होते, तोंड सुजलेलं नसलं म्हणून ती नाही असं समजू नका.

सध्या नंबर दोन-तीनच्या मध्ये आहे. गेल्या महिन्यात एकदा पाचवर गेला, वही चाळली तर आंघोळ तेरा दिवस राहिलेली, मीच टाळलेली, कंटाळा. पंजांवरचा तांबूस रंग बराच गेलाय, कडेला थोडा आहे, जुने केस वाढून झडतील तसा जाईल. काल रात्री परत चप चप आला. उठले, मोबाईलचा टॉर्च लावला, पुढचा उजवा पंजा हातात घेऊन बोटं फाकवली. दोन बोटांच्या मध्ये वाळलेल्या गवताचं एक कुसळ अडकलं होतं. काढलं. ढब्बूने माझा हात एकदा चाटला आणि डोकं खाली टाकलं. सकाळी बाबांनी वहीत दोन लिहिला, मी म्हटलं कुसळाचा अर्धा मार्क तरी कापा, तर म्हणे चीजचे कापले होते का मी?